निळा बर्फ आणि सहा गोळ्या

"मुतली का? ओ जावय, मुतली का माझी पोरगी?"

माझी सासू जिन्याच्या तळाशी उभी राहून ओरडली आणि पनवेलच्या त्या तीन मजली इस्पितळात ज्याला ज्याला मुतखडा होता, त्याला त्याला आशा वाटली. सासूचा आवाज म्हणजे साधासुधा आवाज नाही. चाळीस वर्षं तिने डोक्यावरच्या पाटीतली मच्छी विकली. करंजाच्या धक्क्यावर ती ओरडली की समोर मुंबईत भाऊच्या धक्क्यावर कोळंबीचा भाव उतरतो, असं मी लोकांना सांगतो. लोक ते दहाने भागतात. दहाने भागूनही तो आवाज अर्ध्या खाडीपर्यंत जातोच.

"नाय अजून!" मी वरून ओरडलो.

"कालधरना नाय?"

"कालपासून नाय."

ती पायरीवर बसली. तिला बसलेली मी क्वचितच पाहिली आहे. 

कॉटवर माझी बायको होती. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या तिच्या अंगात जात होत्या आणि बाहेर थेंब येत नव्हता. कॉटखाली प्लास्टिकचं मापाचं भांडं ठेवलं होतं, त्यावर आकडे छापलेले. शून्याच्या वर काही जात नव्हतं. पोट मात्र फुगत चाललं होतं. चादरीखाली कलिंगड ठेवल्यासारखं. ताप होता, शौचाला जायचं तर नुसतं रक्त आणि आव, आणि ती कण्हण्यापलीकडे बोलत नव्हती. हीच बाई मला रोज शंभर वेळा गप्प करते. बरं, दहा वेळा.

या गोष्टीतले आकडे मी शक्यतो आधीच भागून देतो. लग्नाच्या आठव्या दिवशी बायकोने घरात नियमच घालून दिला होता: "यांनी काय पण सांगितला, दहानी भागायचा." मी सांगितलं, टेम्पोसमोर वीस फुटी अजगर आडवा आला, की ती शेजारणीला सांगे, "दोन फुटाचा धोंड्या असंल." आणि निघायचा तो बिनविषारी धोंड्या सापच. त्या नियमावर आमचा संसार चोवीस वर्षं नीट चालला. घोटाळा झाला तो मी पहिल्यांदा आकडा कमी सांगितला तेव्हा.

माझा धंदा बर्फाचा. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या, टेम्पोत घालायच्या आणि उरण नाक्याच्या मच्छी मार्केटात, धक्क्यांवर पोचवायच्या. जासईला कंटेनरच्या रांगेत अडकलो की अर्धा माल रस्त्यावरच पाणी होतो. हा बर्फ मच्छीसाठी. माणसाने खायचा नाही. तो कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात निळा रंग टाकतात. कारखान्यातली माणसं तो कधी जास्त टाकतात, कधी नावाला.

बायकोच्या भाचीची हळद होती, सासूच्या दारात. आमच्याकडे लग्न साधं झालं तरी चालतं, पण हळद फिकी पडली तर सात पिढ्या बोलतात. गावभर जेवण, बँजो, कोकम सरबताचे ड्रमच्या ड्रम. खायच्या बर्फाच्या पिशव्या मी आणायच्या, असं ठरलं होतं. बर्फवाला जावई घरात असताना दुसऱ्याला कोण सांगणार? आणि मी विसरलो. चक्क विसरलो. मांडवात पोचलो तर टेम्पोत मच्छीच्या चार लाद्या तेवढ्या उरलेल्या, आणि ड्रमांतलं सरबत उन्हात गरम व्हायला लागलेलं.

विसरलो हे सांगायला मला तीन शब्द लागले असते. पण तीन शब्दांत मी आजवर काही सांगितलेलं नाही. मी लादी फोडली आणि ड्रमात ओतली.

"यो बरफ निला कसा?" कुणीतरी ग्लास उंच धरून विचारलं.

सासू आली. "जावय, मच्छीचा तर नाय ना?"

"मावशी, काय बोलता! मच्छीचा बर्फ पांढरा असतो. हा हिमालयाचा. तिकडचा बर्फ हजारो वर्षांचा जुना. थंडीने तो निळा पडतो. मिलिटरीच्या गाडीतून येतो, ओळखीवर मिळाला."

 थाप मोठी असली की लोक हसतात, लहान असली की गिळतात; ही अधलीमधली निघाली. सगळे बायकोकडे बघायला लागले, कारण माझं बोलणं भागायचं काम तिचं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. टेम्पोत दुसरा बर्फ नसतो हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पण समोर तिच्या माहेरचं अख्खं गाव उभं होतं आणि त्यांच्यासमोर तिच्या नवऱ्याची अब्रू त्या ड्रमात विरघळत होती. तिने ग्लास भरला, उभ्या उभ्या पिऊन टाकला, आणि लगेच दुसरा भरून तोही प्यायली.

"गार हाय," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी ग्लास पुढे केले.

तिसऱ्या दिवशी मांडवातल्या पाचेक जणांची पोटं बिघडली, आणि बायकोचंही. यावेळी मात्र मी आकडा वाढवला नाही. उलट मटणाला तिखट जास्त झालं होतं, असं सांगत फिरलो. ते पाच जण दोन-तीन दिवसांत उठून बसले. बायकोचं थांबेना. तशात पाचव्या दिवशी भाची नवऱ्याला घेऊन माहेरी परतायची होती, आणि आत्या म्हणून बायकोने तिथे असायलाच हवं होतं. "अशी कशी जाऊ?" ती म्हणाली.

माझ्या टेम्पोच्या कप्प्यात ड्रायव्हर लोकांची गोळी असते. घाटात जुलाब लागले आणि मागे कंटेनरची रांग असली तर माणूस उतरणार कुठे? एक गोळी टाकली की पोटाला कुलूप. मी दोन दिल्या. मग दोन. दुपारी पुन्हा दोन. जुलाब बंद!

"बघ," मी छाती पुढे काढून म्हणालो, "धरण बांधलं."

धरण बांधलं आणि पाणी मागे साचलं, एवढं साधं गणित. त्याच संध्याकाळी ताप चढला, पोट टम्म झालं, आणि जे थोडं बाहेर येत होतं ते लाल होतं. टेम्पोत मागे गोणपाटं अंथरून तिला पनवेलला आणली. जेमतेम तासाचा रस्ता. मी इतरांना सांगताना वीस मिनिटं सांगतो, पण मला तो रात्रभराचा वाटला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. चष्मा, पायात कापडी बूट, आवाज हळू. तिने विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

"पळस्प्याच्या फाट्यावर भेळ," मी म्हणालो. भेळ कुणीच खाल्ली नव्हती.

"जुलाब थांबायची काही गोळी दिलीत?"

"दिली की."

"किती?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून आकडा छोटा होऊन बाहेर पडला. "दोन."

तिने कागदावर दोन लिहिलं. माझं बोलणं भागायचं ते सगळ्या गावाला ठाऊक. गुणायचं कधी, हे एकीलाच कळलं असतं, आणि ती कॉटवर कण्हत होती.

सासू पायरीवर बसली, तिथवर मी गोष्ट आणली होती. त्यानंतर थोड्याच वेळात डॉक्टरीणबाईने आम्हा दोघांना टेबलाशी बोलावलं. तपासणीचा रिपोर्ट आला होता. जंतूचं नाव शिगेला.

"बायचा नाव हाय का यो?" सासूने विचारलं.

"जंतूचं नाव आहे, आजी. आतड्यात जातो."

"किती असतात असे, पोटात जायला?" मी विचारलं. "लाखभर तरी लागत असतील ना, माणूस आजारी पडायला?"

"नाही हो. शंभरसुद्धा खूप झाले."

मी सवयीने मनात दहाने भागलं. तिने बहुतेक माझा चेहरा वाचला. "कधी कधी दहाही पुरतात," ती म्हणाली. "बर्फात घातले तरी मरत नाहीत. गारठून बसून राहतात."

बर्फ हा शब्द तिने सहज उच्चारला. माझे कान इतके तापले की सासूला झळ लागली असणार.

केसपेपरच्या मागे तिने आतड्याची भिंत काढली, शेजारी शेजारी चौकोन, बैठ्या चाळीसारखी. "ही एकेक पेशी. एकेक खोली समजा. या जंतूला समोरच्या दारातून येता येत नाही. म्हणून तो मागच्या गल्लीतून भिंतीपलीकडे जातो. तिथे शरीराचे पहारेकरी असतात, ते त्याला गिळतात. आणि तो त्यांनाच आतून मारून बाहेर पडतो."

"आयला," मी म्हणालो.

"पुढे ऐका. मग तो खोलीला मागच्या बाजूने चिकटतो. त्याच्या अंगावर बारीक सुया असतात. त्या पेशीला टोचून तो आपला माल आत सोडतो. तो माल पेशीला खोटं सांगतो. सांगतो की, हा आपलाच आहे, हात पसर, आत घे. आणि पेशी खरंच हात पसरते. तिची स्वतःची भिंत उचलली जाते आणि त्याला मिठी मारून आत ओढते."

माझी मान खाली गेली.

"तो दार फोडत नाही?" मी विचारलं.

"कशाला फोडेल? घरातलेच उघडतात. आत घेताना पेशी त्याला एका पिशवीत बंद करते. तो पिशवी फाडतो. पेशीला आतून तोलून धरणाऱ्या तुळया असतात. त्याच तुळया वापरून तो स्वतःला शेपटी बनवतो. ती शेपटी त्याला ढकलत नेते, सरळ शेजारच्या भिंतीत. तिथून दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. बाहेरच्या रस्त्यावर तो येतच नाही. रक्तातले शिपाई रस्त्यावर उभे राहतात आणि हा आतल्या आत चाळ पोखरत जातो. जाता जाता खोलीतली घंटासुद्धा दाबून ठेवतो, म्हणजे कुणाला ओरडता येऊ नये."

सासू त्या चौकोनांकडे बघत होती. "लय बोलका दिसतो मेला," ती म्हणाली.

मी आजवर शेकडो थापा मारल्या. (भागू नका, शेकडोच.) थापाड्याला थापाड्या ओळखू येतो. समोर कागदावर माझ्याच धंद्यातला माणूस बसला होता, दिसायला कणभर, आणि अख्ख्या चाळीला सांगत होता, हा हिमालयाचा. चाळ हात पसरत होती. पहिली खोली कुणाची, तेही मला दिसत होतं. तिने तर दोन ग्लास घेतले होते.

"जुलाब हा शरीराचा मार्ग असतो, त्यांना हाकलायचा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणि यातले काही एक विष सोडतात. ते मूत्रपिंडापर्यंत गेलं तर लघवी बंद होते. तुमच्या मिसेसचं नुसतं पाणी कमी पडलंय की ते विष आहे, हे अजून नक्की नाही. लघवी उतरली तर आपण सुटलो. पण मला जास्त काळजी पोटाची आहे." तिने एक्स-रे उजेडावर धरला. आतडं सायकलच्या ट्यूबसारखं फुगलेलं. "फाटलेलं नाही. पण इतकं फुगावं असं दोन गोळ्यांनी होत नाही. म्हणजे आतडंच आतून मरायला लागलंय, असं सर्जनना वाटतंय. ते दुपारी उघडायचं म्हणतात. अशा तापात, असं रक्त जात असताना ऑपरेशन म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही. हळू बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडतात तेव्हा फार भीती वाटते.

"आणि गोळ्या जास्त असत्या तर?"

"तर फुगण्याचं कारण सापडलं असतं. गोळीचा असर उतरेपर्यंत, पाच वाजेपर्यंत, डोळ्यांत तेल घालून थांबता आलं असतं. पण दोनच आहेत ना?"

माझ्या डोक्यात गोष्टी तयार व्हायला लागल्या. तीन गोष्टी. एकीत शेजारणीने गोळ्या दिल्या होत्या. दुसरीत बायकोने चुकून. तिसरी तर इतकी सुंदर होती की अजून कुठेतरी वापरावी असं वाटतं. तिन्ही तोंडाशी आल्या. डॉक्टरीणबाई पेन धरून बघत होती. सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. सुई टोचून माल आत सोडला असता तर दोघींनी हात पसरले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सहा," मी म्हणालो.

"काय सहा?"

"गोळ्या. सहा दिल्या. मीच दिल्या. आणि भेळ नव्हती. बर्फ होता. मच्छीचा. मी घातला सरबतात."

एवढंच. माझ्या जन्मातलं सगळ्यात लहान भाषण. गंमत म्हणजे डॉक्टरीणबाईला ते खरं वाटेना. "नक्की सहा? भीतीने वाढवून सांगत नाही ना तुम्ही? ऑपरेशन टळावं म्हणून?"

"देवाशपथ सहा!" मी ओरडलो. "मी थापाड्या आहे, सगळ्या गावाला विचारा! पण हे सहा सहाच आहेत, यांना भागू नका!"

तिने दोन खोडून सहा लिहिलं आणि सर्जनना फोन लावायला गेली. जाता जाता म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी ते सरबत घेतलं, त्यांना फोन करा. आत्ता. कुणाला रक्त पडत असेल तर गोळी न देता इकडे पाठवा."

मी सासूकडे वळलो. वाटलं, आता इस्पितळाच्या काचा फुटणार. मी तयारच होतो, फुटाव्यात असंच वाटत होतं.

"हिमालय," ती हळूच म्हणाली. तिला इतकं हळू बोलता येतं हे मला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. "माझ्या मांडवात."

मग ती उठली आणि बायकोच्या उशाशी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

सर्जन पाचपर्यंत थांबायला तयार झाले. मी व्हरांड्यात उभा राहून फोन करत सुटलो. प्रत्येकाला तीच तीन वाक्यं. पहिल्या चार जणांनी हसून विचारलं, "काय, नवीन गोष्ट का?" पाचव्याला मी शिव्या घातल्या, तेव्हा त्याला खरं वाटलं. खरं सांगायला इतकी मेहनत पडते हे मला ठाऊक नव्हतं. थाप एका दमात जाते. सगळे बरे होते. फक्त एकाच्या पोरीचं पोट अजून ठीक नव्हतं, तिला त्यांनी संध्याकाळी आणून दाखवली, सरबताऐवजी औषध घेऊन ती परत गेली.

दोन वाजले. भांडं कोरडं. नर्सने पोटाला मापाची पट्टी लावली. सकाळपेक्षा वाढलं नव्हतं, एवढंच. तीन. सासूने पायथ्याशी येऊन पोरीच्या पायाच्या तळव्यांना हात लावून धरला होता, जणू तिथून काही सुटू नये. कोपऱ्यात नळ होता. मी जाऊन तो बारीक सोडला. लहान पोरांना आपण आवाज ऐकवतो ना, तसा. नर्स आली आणि बंद करून गेली. मी पुन्हा सोडला. चौथ्या वेळी तिने बंद केला नाही.

चार वाजता सर्जनचा माणूस सहीचे कागद ठेवून गेला. मी ते वाचले नाहीत. वाचता येत होते, पण अक्षरं हलत होती.

साडेचारला बायको पुटपुटली, "आये, धर मला."

सासूने तिला उठवली, नर्सने पडदा ओढला. मी पडद्याबाहेर. आत काही ऐकू येईना. माझ्या मागे नळाची धार चालूच होती, आणि ऐकू येतंय ते नळाचं की तिचं हे कळेना, म्हणून मी धावत जाऊन नळ बंद केला. मग ऐकू आलं. थोडंसंच. जुन्या घागरीच्या बुडात पडावं तसं.

"मुतली!" सासू पडद्याआडून ओरडली. "मुतली रं माझी पोरगी!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ही थाप नाही, नर्स साक्षीला आहे. भांड्यात साठ मिलिलिटर होतं, चहाच्या अर्ध्या कपाएवढं, आणि रंग काळसर चहासारखाच. मी ते भांडं हातात घेऊन व्हरांड्यात पोचलो होतो, कुणाला दाखवायचं ते ठरवत, तेव्हा डॉक्टरीणबाईने ते काढून घेतलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "अजून हवंय. पण चांगलं आहे." पुढच्या तासात शंभर झालं. सर्जन आले, पोटाला कान लावला, आणि सहीचे कागद परत घेऊन गेले. पोट दुसऱ्या दिवशी गुरगुरायला लागलं. त्या गुरगुरण्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही, आणि यात एक पैशाची अतिशयोक्ती नाही.

नवव्या दिवशी तिला घरी आणली. टेम्पोतून नाही, रिक्षातून. ओटीवर उन्हात बसवली, हातात पेजेचा वाडगा. बारीक झाली होती, पण नजर जागेवर आली होती. मला राहवेना. मी सगळा प्रसंग तिला रंगवून सांगितला: टेबल, चौकोनांची चाळ, तिच्या आईचे डोळे, डॉक्टरीणबाईचं पेन. सर्जन एकाचे चार केले. आणि शेवटी उभा राहिलो, हात छातीवर ठेवला.

"आणि मी काय बोललो माहीत आहे? सगळ्यांच्या समोर? सहा! एक कमी नाही, एक जास्त नाही. जन्मात पहिल्यांदा आकडा सांगितला तो सोळा आणे खरा. सहा!"

तिने पेजेचा घोट घेतला. ओठ पुसले.

"आठ होत्या," ती म्हणाली. "तुमी गाडीवर गेल्यावर दोन मी घेतल्या."